स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेण्यापूर्वीची तयारी

कोस्ता देल सोल किंवा कोस्ता ब्लांकावर सुट्टीचे घर घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी घरे पाहतात आणि कागद नंतर. हा क्रम उलटा हवा. घर आवडले की एजंट लगेच ते राखून ठेवण्यासाठी काही हजार युरो मागतो, आणि गच्चीवरून समुद्र पाहून आलेल्या माणसाला त्या क्षणी नोंदणी कार्यालयाचा उतारा वाचण्याची इच्छा उरत नाही. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच काही गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिला प्रश्न घर कशासाठी हवे हा आहे. घर घेतले म्हणून स्पेनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा, २०१३ मध्ये सुरू झालेला ‘गोल्डन व्हिसा’ ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला निवासी परवान्याशिवाय शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, हे लक्षात घेऊन घराचा वापर किती होईल याचा हिशेब करावा. परवाना असलेल्यांनी वर्षात १८३ दिवसांहून अधिक मुक्काम झाला तर आपण तिथले कर-रहिवासी ठरतो, हेही ध्यानात ठेवावे. पर्यटकांना भाड्याने देण्याचा विचार असेल तर त्याच ३ एप्रिलपासून लागू झालेला दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे: इमारतीतील सदनिका नव्याने पर्यटकांना द्यायची असल्यास रहिवासी-मालकांच्या संघाची तीन-पंचमांश बहुमताची संमती लागते. त्याशिवाय प्रांतिक सरकारची नोंदणी आणि ऑनलाइन जाहिरातीसाठी राष्ट्रीय नोंदणी क्रमांकही हवा. बार्सिलोनाने तर २०२८ नंतर पर्यटक सदनिकांचे परवाने पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले आहे. पर्यटकांचे भाडे आले तरच ज्या घराचे हप्ते फिटतात, ते घर माझ्या मते घेऊच नये. संघाच्या एका सभेत सगळे गणित कोलमडू शकते.

त्यानंतर पैशांची जुळवणी. जाहिरातीतील किमतीवर साधारण १० ते १३ टक्के वरखर्च धरावा. जुन्या घरावर हस्तांतरण कर लागतो आणि त्याचा दर स्वायत्त प्रांतानुसार बदलतो. आंदालुसियात तो ७ टक्के आहे, इतर काही प्रांतांत बराच जास्त. नव्या घरावर त्याऐवजी १० टक्के मूल्यवर्धित कर आणि शिवाय मुद्रांक शुल्क द्यावे लागते. यात एक खाचखळगा असा आहे की २०२२ पासून हस्तांतरण कर केवळ खरेदीच्या किमतीवर आकारला जात नाही. कातास्त्रो, म्हणजे सरकारी भूमापन खाते, प्रत्येक घराचे संदर्भमूल्य ठरवते आणि ते किमतीपेक्षा जास्त असेल तर कर त्यावर लागतो. आंदालुसियातील एखादे घर घासाघीस करून तीन लाख युरोंना मिळाले, पण त्याचे संदर्भमूल्य ३,४०,००० असेल, तर कर २१,००० ऐवजी २३,८०० युरो होतो. हे मूल्य आधी पाहता येते, म्हणून बोली लावण्यापूर्वीच ते पाहावे. कर्ज घ्यायचे असल्यास अनिवासी व्यक्तीला बँका सहसा मूल्याच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंतच देतात, आणि २०१९ च्या कायद्यानुसार कर्जाच्या अटींचे कागद सहीच्या किमान दहा दिवस आधी हातात पडावे लागतात, त्यामुळे सहीची तारीख तशी ठेवावी.

परदेशी व्यक्तींना दिला जाणारा एनआयई हा ओळख क्रमांक नसेल तर करही भरता येत नाही आणि वीजजोडणीही नावावर होत नाही. त्याचा अर्ज सर्वांत आधी करावा. वकील स्वतः शोधावा, एजंटने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. नोटरी आहेच की, असे म्हणून अनेक जण वकिलाचे पैसे वाचवू पाहतात. स्पेनमधील नोटरी हा सरकारी अधिकार असलेला तटस्थ कायदेतज्ज्ञ असतो. तो ओळख, मालकी आणि बोजे तपासून खरेदीखत करतो, पण बांधकामाला परवानगी होती का, शेजारून रस्ता जाणार आहे का, हे ग्राहकाच्या बाजूने खणून काढणे त्याचे काम नव्हे. प्रत्यक्ष हजर राहता येणार नसेल तर वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून, ते परदेशात केले असल्यास अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणपत्र, लावून, वेळेत पाठवावे.

आता कागद. मालमत्ता नोंदणी कार्यालयातून मिळणारा ‘नोता सिम्प्ले’ हा उतारा स्वस्त आहे, थोड्याच वेळात मिळतो आणि एका बैठकीत वाचून होतो. तो स्वतः मागवावा, विक्रेत्याने दिलेली जुनी प्रत चालवून घेऊ नये. त्यात आधी घराचे वर्णन, मग मालकाचे नाव आणि हिस्सा, मग बोजे असतात. वर्णनात ‘शंभर चौरस मीटरचे घर’ लिहिले असेल आणि प्रत्यक्षात घराला एक बंद केलेली गच्ची व पोहण्याचा तलावही असेल, तर वाढीव भाग नोंदलेला नाही हे उघड आहे. तो परवानगीने बांधला का, हे पालिकेत विचारावे. मालक म्हणून पती-पत्नी दोघांची नावे असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. बोज्यांमध्ये विक्रेत्याचे फेडलेले कर्जही दिसू शकते, कारण कर्ज फिटले तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. ती रद्द करण्याचा खर्च विक्रेत्याचा, हे लेखी ठरवावे. हा उतारा कातास्त्रोच्या नकाशाशी ताडून पाहावा, कारण दोन्ही खाती वेगळी आहेत आणि क्षेत्रफळ किंवा हद्द अनेकदा जुळत नाही.

गावाबाहेरच्या, शेतजमिनीवरच्या घरांत धोका सर्वांत मोठा. आल्मेरियातील वेरा येथे जानेवारी २००८ मध्ये एका परदेशी जोडप्याचे घर पाडण्यात आले; त्यांच्याकडे पालिकेचा परवाना होता, पण तो पुढे बेकायदा ठरवला गेला. अशा जमिनीवरील घरासाठी आंदालुसियात बांधकामाची स्थिती मान्य करणारा दाखला मिळतो का, हे वकिलाने पालिकेकडून लेखी आणल्याशिवाय पुढे जाऊ नये. अगदी समुद्रकाठच्या घरासाठी १९८८ च्या किनारा कायद्याने सार्वजनिक ठरवलेल्या किनाऱ्याची हद्द तपासावी. युरोपीय संघाबाहेरच्या खरेदीदाराला कार्ताखेनाच्या परिसरासारख्या काही भागांत लष्करी परवानगी लागते आणि तिला काही महिने जाऊ शकतात.

सदनिका असेल तर मालक संघाकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. चालू वर्षाची आणि मागील तीन वर्षांची थकीत वर्गणी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, म्हणून हा कागद औपचारिक समजू नये. संघाच्या गेल्या काही सभांची इतिवृत्तेही मागावीत. लिफ्ट बदलण्याचा किंवा दर्शनी भाग दुरुस्त करण्याचा ठराव झाला असेल तर त्याचा हिस्सा कोण भरणार, हे तिथेच कळते.

हे सगळे हाती आल्यावर घर पाहायला जावे, आणि शक्य असल्यास जानेवारीत. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांना तापवण्याची सोय नसते, उत्तरेकडे तोंड असलेल्या खोल्यांच्या भिंती हिवाळ्यात ओलसर राहतात, आणि उन्हाळ्यात गजबजलेली काही वसाहत तेव्हा पूर्ण बंद असते.

बयाण्याच्या करारात साधारण १० टक्के रक्कम दिली जाते. स्पेनच्या दिवाणी संहितेतील कलम १४५४ प्रमाणे खरेदीदाराने माघार घेतल्यास बयाणा जातो आणि विक्रेत्याने घेतल्यास त्याला दुप्पट परत करावा लागतो. पण हा अर्थ लागू व्हावा म्हणून करारात तसा स्पष्ट उल्लेख हवा. कर्ज मंजूर न झाल्यास किंवा दाखला न मिळाल्यास रक्कम परत, हे कलमही घालून घ्यावे. एजंटच्या खात्यात थेट पैसे भरणे टाळावे.

विक्रेता अनिवासी असेल तर किमतीच्या ३ टक्के रक्कम खरेदीदाराने कापून एका महिन्यात कर खात्यात भरायची असते. न कापता संपूर्ण किंमत विक्रेत्याला देऊन टाकली, तरी कर खाते तो कर घरावरून वसूल करू शकते. जमिनीच्या मूल्यवाढीवरचा पालिका कर एरवी विक्रेत्याचा, पण तो अनिवासी असल्यास पालिका तो खरेदीदाराकडून मागते, म्हणून तेवढी रक्कमही वकिलाकडे राखून ठेवावी. स्पॅनिश येत नसेल तर सहीच्या वेळी दुभाषी नेमावा.

सही झाल्यावर खरेदीखताची नोंदणी, वीज-पाण्याची जोडणी आणि पालिकेच्या वार्षिक मालमत्ता कराची बँकेतून वजावट ही कामे लगेच करावीत. घर रिकामे असले तरी अनिवासी मालकाला मानीव उत्पन्नावर कर भरावा लागतो: कातास्त्रोतील मूल्य एक लाख युरो आणि दर १.१ टक्के धरल्यास उत्पन्न १,१०० युरो मानले जाते, आणि युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला त्यावर २४ टक्क्यांनी २६४ युरो भरावे लागतात, तेही पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत. शेवटी, स्पेनमधील मालमत्तेपुरते इच्छापत्र तिथल्या नोटरीकडे करून त्यात आपल्या राष्ट्रीयत्वाचा वारसा कायदा लागू व्हावा असे लिहावे. तसे न केल्यास, स्पेनमध्येच कायम राहू लागलेल्या मालकाच्या बाबतीत तिथला कायदा लागू होऊन मुलांचा राखीव वाटा आपल्या इच्छेविरुद्धही निघू शकतो.