पहाटेची कळ कागदावर आली पाहिजे

आमच्या यांची छाती दुखायची ती पहाटे चारच्या सुमाराला, अंथरुणात पडल्यापडल्या. बनियन घामानं ओलं व्हायचं, जबड्यापर्यंत कळ जायची आणि दहा मिनिटांत सगळं निवळायचं. दिवसा हेच हरभऱ्याचं पोतं पाठीवर घेऊन चालायचे, दम लागत नव्हता. त्यामुळं घरात, गावात सगळे म्हणायचे, गॅस आहे. दहा वाजता दवाखान्यात काढलेला ईसीजीही चांगलाच यायचा.

येणारच. या दुखण्याला प्रिन्झमेटल अँजायना म्हणतात. यात हृदयाची धमनी आवळते आणि थोड्या वेळानं आपोआप सैल होते. प्रिन्झमेटल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी 1959 साली हे मांडलं. धमनी आवळलेली असते तेवढाच वेळ ईसीजीत बदल दिसतो. म्हणून कळ चालू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे. छातीत दुखायला लागलं की 108 ला फोन लावा. गॅस की हृदय, हे घरी ठरवायचं काम नाही. हार्ट अटॅकही असाच सुरू होतो.

मी वही केली होती. किती वाजता, किती मिनिटं, काय करत होते, आदल्या दिवशी बिड्या किती. डॉक्टरांनी ती वाचून चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी टिपणारं यंत्र लावलं, मग अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांची तपासणी केली. काही ठिकाणी अँजिओग्राफीतच औषध देऊन धमनी आवळते का, तेही तपासतात.

यांना धमनी सैल ठेवणारी डिल्टियाझेम गोळी चालू आहे. कुणाला अम्लोडिपिन देतात. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. हेच दुखणं आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तर कळ आली की त्यांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली, तीही बसूनच. बीपी उतरून माणूस पडतो. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर लगेच 108. मर्दानी ताकदीच्या गोळ्या घेत असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, सॉर्बिट्रेटसोबत त्या जिवावर बेततात. बीपीच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीनं किंवा अर्धशिशीच्या सुमाट्रिप्टाननं हे दुखणं वाढू शकतं, म्हणून प्रत्येक डॉक्टरला जुनी चिठ्ठी दाखवा.

बिडी मात्र पूर्ण सुटली पाहिजे, 'एखादी' सुद्धा नको. माझ्या मते अर्धं औषध तेच आहे. गारठाही धमनीला सोसत नाही. आमच्याकडं रब्बीत शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची असली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला आता पुतण्या जातो.