टेरीनचं पाकीट उलटून बघा

फ्रान्समध्ये नाताळच्या जेवणाला पाहुणे बोलावलेत, तर पावाबरोबर टेरीन हवंच. म्हणजे खिमा, चरबी, कलेजी भांड्यात दाबून भाजायची आणि गार झाल्यावर वडीसारखी कापायची. घरी करायला वेळ नसतो, म्हणून तयार आणतो आपण.

दुकानात जाण्याआधी प्रत्येक पाहुण्याला फोन करा. नुसतं 'ॲलर्जी आहे का?' एवढंच नको, डुक्कर, गोमांस, दारू चालते का हेही विचारा. मराठी मित्र असतील तर हे आधी. कारण पाकिटावर बदक असलं तरी आत बऱ्याचदा डुकराची चरबी आणि कलेजी निघते, आणि जेलीतलं जिलेटिन कुठल्या जनावराचं ते दर वेळी लिहिलेलं नसतं. कायद्याने ठळक छापावे लागतात ते १४ ॲलर्जीकारक घटक. डुक्कर त्यात नाही. तेव्हा फक्त ठळक शब्दांवरून नजर फिरवून भागत नाही, चष्मा लावून अख्खी यादी वाचा.

ठळकमध्ये शोधायचं ते अंडं, दूध, गव्हाचं पीठ, पिस्ते किंवा हेझलनट. मसाल्यात मोहरी आणि सेलरी दडून बसतात. वाइन घातली असेल तर सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवायला वापरतात ते रसायन. किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लिहावंच लागतं. 'अंश असू शकतात' ही ओळ मात्र ऐच्छिक असते, ती नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता ई-क्रमांक, म्हणजे पदार्थात मिसळलेल्या घटकांचे युरोपीय सांकेतिक क्रमांक. ई ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, त्याला घाबरायचं कारण नाही. ई २५० म्हणजे सोडियम नायट्राइट. त्यानेच टेरीन गुलाबी राहतं आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना आळा बसतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, तेव्हापासून 'नायट्राइटविरहित' पाकिटं जास्त खपतात. तिथेच गंमत आहे. काहींत त्याऐवजी भाज्यांचा आंबवलेला अर्क असतो आणि त्यातूनही नायट्राइटच मिळतं. हा अर्क सेलरीचा असेल तर ॲलर्जीवाल्याची पंचाईत. अर्कही नसेल तर टेरीन करडं दिसतं. ते खराब झालेलं नसतं.

काउंटरवरून कापून घेणार असाल तर ॲलर्जीची माहिती लेखी मागा, ती ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. आणि सुरी पुसली का, तेही बघा. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर लिस्टेरिया या जंतूंच्या धोक्यामुळे तिला टेरीन वाढूच नका. पाकिटाचं वेष्टन पाहुणे घरी जाईपर्यंत फेकायचं नाही. फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवा.