वणव्याचे दिवस यायच्या आधी घराभोवतीचं गवत, पाला, झाडोरा आवरा, आणि सुरुवात भिंतीपासून करा

पाऊस थांबून गवत पिवळं पडायला लागलं की हे काम हातात घ्यायचं, अजून थोडा ओलावा आहे तोवरच. पूर्ण वाळल्यावर बघू असं म्हणत बसलात तर तेव्हा गवत कापायला जाणं हाच एक धोका होऊन बसतो, कारण ब्रशकटर किंवा मोव्हरचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते आणि वाळल्या गवताला तेवढी पुरते. वाळल्यानंतरच कापायची वेळ आली तर सकाळी लवकर, दव असताना कापा, वारा सुटला की मशीन बंद करा, आणि पाण्याचा पाइप किंवा भरलेल्या बादल्या हाताशी ठेवा.

आता मुद्द्याचं. वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर समोरून येणारी ज्वाळांची भिंत येते, म्हणून सगळे जण आधी लांबच्या रानाच्या कडेला जाऊन साफसफाई करतात आणि घराच्या भिंतीला टेकवलेली सरपणाची रास तशीच राहते. पण बरीचशी घरं त्या मोठ्या ज्वाळेने पेटतच नाहीत, ती पेटतात वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी आणि घरालगतच्या बारीकसारीक आगीने. अमेरिकेच्या वनसेवेतले निवृत्त संशोधक जॅक कोहेन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. कॅनडात मुद्दाम जंगल पेटवून, त्याच्यासमोर वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या करून प्रयोग झाले, त्यात 10 मीटरवरच्या काही भिंती पेटल्या पण 30 मीटरवरची एकही पेटली नाही. आणि 2018 मध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइज गाव जळालं तेव्हाचे फोटो बघा, घराची राख झालीय आणि शेजारचं झाड हिरवंगार उभं आहे. म्हणजे आग झाडावरून झाडावर चालत आली नव्हती, निखारे येऊन पडले आणि घरापाशी त्यांना खायला मिळालं. ते खाणं काढून घेणं आपल्या हातात आहे, म्हणून हा सगळा खटाटोप.

तर भिंतीपासून पहिले 5 फूट. इथे जळेल असं काहीही नको, अगदी काहीही नको. वाळका पाला नको, लाकडाच्या सालीचं किंवा भुश्याचं मल्चिंग (मातीवरचं आच्छादन) नको, खिडकीखालचं झुडूप नको, भिंतीवर चढवलेला वेल नको, झाडू, गोणपाट, प्लॅस्टिकचे क्रेट, लाकडाचे ओंडके काही नको. त्या जागी खडी, वाळू, फरशी किंवा नुसती चोपलेली माती ठेवा. खिडकीखाली हिरवाई असली की छान दिसतं हे मान्य, पण तेच झुडूप पेटलं तर काच तडकते आणि आग सरळ आत येते, त्यामुळे यात तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे.

एक साधी गोष्ट करून बघा. जोराचा वारा वाहून गेल्यावर घराला एक फेरी मारा आणि पाला नेमका कुठे गोळा झालाय ते बघा: दाराच्या उंबऱ्याशी, दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या खाली, छपराच्या दोन उतारांमधल्या खाचेत. वारा जिथे पाला आणून टाकतो तिथेच उद्या निखारे आणून टाकणार आहे. त्या जागा लक्षात ठेवा आणि सीझनभर तेवढ्या तरी दर आठवड्याला झाडून काढा. शिडी लावून पन्हळीत हात घालून बघा, खालून साफ दिसते पण आत वाळका पाला आणि बारीक काड्यांचा थर असतो, आणि तो वळचणीला अगदी चिकटून असतो. कौलं सरकली असतील तर नीट बसवा, पत्र्याच्या टोकाशी पक्ष्यांची घरटी असतील तर पिल्लं उडून गेल्यावर काढा, छपराखालच्या हवेच्या झरोक्यांना 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावा. प्लॅस्टिकची जाळी वितळते, ती कामाची नाही.

त्यापुढचं 30 फुटांपर्यंतचं अंगण. इथे झाडं असू द्या, सगळं बोडकं करायची गरज नाही, फक्त आगीला सलग वाट मिळता कामा नये. गवत 4 इंचांच्या खाली ठेवा. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून 6 ते 10 फुटांपर्यंत छाटा, झाड लहान असेल तर त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका, नाहीतर झाडच जायचं. झाडाखाली झुडपं वाढू देऊ नका, कारण गवतातून झुडपात, झुडपातून खालच्या फांदीत आणि तिथून शेंड्याला अशी आग शिडी चढल्यासारखी वर जाते, आणि शेंडा पेटला की निखारे लांबवर उडतात. छपरावर आलेल्या आणि धुराड्याजवळच्या फांद्या तोडा, वाळलेल्या झावळ्या लोंबत ठेवू नका. कुंपणाची हिरवी झुडपं दोन्ही हातांनी बाजूला सारून आत डोकावून बघा, बाहेरून हिरवी दिसणारी रांग आतून निव्वळ वाळक्या काड्यांनी भरलेली असते. अमुक झाड जळत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पुरेशी धग लागली की सगळंच जळतं. हां, निलगिरीसारखी तेलकट आणि पाइनसारखी राळेची झाडं जास्त जोरात जळतात, ती घराजवळ नवीन लावू नका. बांबूच्या बेटाच्या बुडाशी साठलेला वाळका पाला तर दरवर्षी काढायलाच हवा.

सरपण आणि वैरणीची गंजी घरापासून आणि गोठ्यापासून कमीत कमी 30 फूट लांब, जमलं तर त्याहून लांब, आणि तिच्याभोवती मातीचा मोकळा पट्टा. गंजी घराच्या चढाच्या बाजूला ठेवलेली बरी, उताराच्या बाजूला पेटली तर ज्वाळा सरळ घराकडे चढते. वैरण ओली रचली तर ती आतल्या आत तापून स्वतःहूनही पेटते, म्हणून नीट वाळवून रचा. आतून वाफ किंवा करपल्याचा वास येत असेल तर उपसायच्या आधी अग्निशमनवाल्यांना बोलवा, कारण गंजी उघडली की आत हवा जाते आणि भडका उडतो.

30 ते 100 फुटांच्या पट्ट्यात काम हलकं आहे, पडलेली वाळकी लाकडं उचला, दाट झुडपांचे छोटे गट करून मध्ये मोकळी जागा सोडा, मोठ्या झाडांचे शेंडे एकमेकांपासून 10 फूट तरी लांब राहतील असं बघा. शेळ्या, गुरं असतील तर त्यांना इथे चरायला सोडा, यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

घर उतारावर असेल तर हे सगळे आकडे खालच्या बाजूला वाढवा. उतार 10 अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे खालच्या अंगाला जास्त लांबपर्यंत साफ करावं लागतं. पण उतार खरवडून माती उघडी करू नका, गवत कापा आणि मुळं राहू द्या, नाहीतर पुढच्या पावसात मातीच वाहून जाईल.

शेताच्या कडेने जाळपट्टा (गवत काढून किंवा जाळून मोकळा केलेला पट्टा) काढत असाल तर जरूर काढा, गवतातून सरपटत येणारी आग त्याने थांबते किंवा मंदावते. फक्त त्यावर विसंबून राहू नका, निखारे पट्टा ओलांडून येतात. ऑस्ट्रेलियात 2009 च्या फेब्रुवारीतल्या आगींत तर मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नवीन आगी लागल्या होत्या. त्यापुढे आपला दहा-पंधरा फुटांचा पट्टा काय पुरणार.

कापलेला सगळा काडीकचरा त्याच दिवशी उचला, कापून जागेवर वाळत टाकला तर काम अर्धवटच राहिलं. कंपोस्ट करा, बारीक करून लांबच्या शेतात पसरा. पेटवून द्यायचा मोह टाळा, बरेच वणवे अशाच पेटवलेल्या कचऱ्यातून सुटतात. आणि पेटवायचाच असेल तर ओलाव्याच्या दिवसांत, वारा नसताना, तिथल्या नियमाप्रमाणे परवानगी घेऊन, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नका.

रस्त्याकडेही बघा. बंबाची गाडी आत यायला साधारण 12 फूट रुंद वाट लागते आणि वरून साधारण 15 फूट मोकळी, तर फाटकावर आलेल्या फांद्या आत्ताच छाटून घ्या. गॅस सिलेंडर आणि डिझेलच्या टाकीभोवती 10 फूट गवताची काडी नको. शेजारचं घर जवळ असेल तर दोघांनी मिळून एकाच दिवशी काम काढा, कारण त्यांच्या कुंपणाचा पाला तुमच्या भिंतीपासून हातभरावर असू शकतो.

आग जवळ आल्याची खबर लागली तर ओट्यावरची पायपुसणी, खाटा, गोणपाट आत घ्या, दारं-खिडक्या लावा, जनावरं सोडून चरून मोकळ्या झालेल्या किंवा नांगरलेल्या रानात हाकला, बांधून ठेवू नका. निघायला सांगितलं की लगेच निघा, त्या वेळी कोयता घेऊन झुडपं तोडत बसू नका.