नागपुरात फायटर मासा पाळताना

ओळखीत कोणी नवा फायटर घरी आणला की पहिल्या आठवड्यात फोन येतोच. "ताई, हा तर हालूनच नाही राहिला. मेला का?" बहुतेक वेळा मासा झोपलेला असतो. फायटर पानावर आडवा होऊन झोपतो, फिल्टरच्या आडोशाला टेकून झोपतो, कधी तळाशी चक्क कुशीवर पडून राहतो. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे डोळे उघडेच दिसतात आणि माणूस घाबरतो. दिवा लावल्यावर थोड्या वेळात तो उठून खायला समोर आला, तर काळजीचं काही नाही. मात्र रात्री टाकीचा दिवा बंद करा. अंधार त्यालाही लागतो.

दुसरी शंका म्हणजे तो सारखा वर का येतो. निवांत बसून बघा. तो सरळ वर येतो, तोंड पृष्ठभागाला लावतो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली वळतो. त्याच वेळी कल्ल्यातून एखादा बुडबुडा सुटतो. थायलंडकडच्या भातखाचरांत आणि उथळ, साचलेल्या पाण्यात राहणारा हा मासा. तिथल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारा एक वेगळा अवयव असतो. टाकी काठोकाठ भरू नका, पाणी आणि झाकण यांच्यात तीन-चार बोटं जागा ठेवा. झाकण मात्र हवंच, कारण तो उडी मारतो.

तो आपल्या खोलीतली हवा घेतो, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा. गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की खिडक्या लावा आणि टाकीवर कापड टाका. मच्छर अगरबत्ती, फवारा, झुरळांचं औषध त्या खोलीत नकोच.

कल्ल्यांची झाकणं फुलवून, गळ्याखालची दाढीसारखी पातळ कातडी बाहेर काढून तो अंगावर येतो, ते त्याचं हद्द राखणं आहे. आरसा दाखवून मिनिट-दोन मिनिटं फुलू दिलं तर चालतं. घरातल्या पोट्ट्यांना तेवढंच सांगा, कारण दिवसभर हा खेळ चालला तर मासा थकतो. टाकीच्या काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर मागे गडद कागद लावा. दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नका. माद्याही भांडतात.

पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस दिसला तर तो नराने पिल्लांसाठी बांधलेला खोपा असतो. मादी नसली तरी तो बांधतो. पाणी बदलताना मोडला तर हळहळू नका, पुन्हा बांधेल.

काळजी कधी करायची? पंख अंगाला मिटलेले, काचेला लागून दिवसभर वरखाली चकरा, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके, पंखांच्या कडा झडलेल्या, खवले उभे राहिलेले, किंवा पृष्ठभागाशी सतत धापा. अशा वेळी औषधाची बाटली उघडण्याआधी पाण्यात थर्मामीटर घाला आणि अमोनिया तपासायचा संच वापरा. बरेचसे आजार पाणी बिघडल्यावरच डोकं वर काढतात.

म्हणून दुकानात मिळतो तो छोटा गोल बाऊल घेऊ नका. निदान पंधरा-वीस लिटरची टाकी आणि संथ चालणारा स्पंज फिल्टर घ्या. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी वरचेवर तपासा आणि थोडंथोडं बदला. पुढे आठवड्याला पाव टाकी पुरे. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरिनने जिवाणू मरतात. आपल्याकडे पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध करून नळाला येतं, त्यात क्लोरिन असतंच. अँटिक्लोरिनचे थेंब टाकल्याशिवाय ते माशाला देऊ नका.

आता नागपूरचं ऊन. फायटरला २४ ते २८ अंश सेल्सियस पाणी मानवतं, आणि आपला मे ४५ च्या घरात जातो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडकीला लागून ठेवू नका. कूलरच्या खोलीत ठेवा, पण झोत थेट पाण्यावर नको. फारच तापलं तर झाकणाऐवजी जाळी लावून छोटा पंखा पाण्यावरून फिरवा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं, पावसाळी दमटपणात तेवढं उतरत नाही. बर्फ टाकू नका, एकदम बदल झाला की मासा आजारी पडतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून बदलायचं पाणी पहाटे बादलीत काढा आणि माशाच्या टाकीच्या तापमानाला आलं की मगच घाला.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री पारा १० च्या आसपास आला की मासा तळाशी बसतो, खाणं सोडतो. लोक त्याला आजारी समजतात. थर्मोस्टॅटचा छोटा हीटर २६ वर लावा, आणि पाणी काढताना आधी त्याचं बटण बंद करा.

खाणं थोडकंच. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन-तीन बारीक दाणे बस, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. दिवाळीत तीन-चार दिवस गावाला जायचं असेल तर धडधाकट मोठा मासा काही न खाता राहू शकतो. खाऊचा अख्खा डबा शेजाऱ्यांकडे दिला तर ते प्रेमाने मूठभर टाकतात, उरलेलं कुजतं आणि पाणी नासतं. जास्त दिवस राहणार असाल तर दिवसाची एक अशा कागदाच्या पुड्या करून द्या, आणि डबा कपाटात ठेवून जा.