नाताळच्या सुट्टीतली किशोरवयीन प्रेमकथा लिहिताना

नाताळच्या सुट्टीतली प्रेमकथा लिहायला घेताना आधी मुदत ठरवावी, कारण शाळा पुन्हा कधी सुरू होणार हे वाचकाला ठाऊक असले की साध्या भेटीलाही निकड येते. मग दोघांना एकत्र आणणारे कारण रचावे. २००८ च्या ‘लेट इट स्नो’ या पुस्तकात हिमवादळामुळे आगगाडी अडकते आणि तिथूनच गोष्टी घडू लागतात. रोषणाई आणि केक यांचे वर्णन हात राखून करावे. घरची माणसे मात्र मुळीच वगळू नयेत: सतरा वर्षांच्या मुलीला फोन घेण्यासाठी आजीसमोरच्या भरल्या ताटावरून उठता येत नाही, आणि एवढ्याशा अडचणीतून जो ताण निर्माण होतो, तो (माझ्या मते तरी) कोणत्याही खलनायकाला साधत नाही. शेवटी आणाभाका नकोत. पुढच्या भेटीची शक्यता पटली तरी पुरे.