साक्षांकन नमुना भरताना कर्जाची केस दडवू नका : या चुका टाळा

संरक्षण खात्याच्या एका आस्थापनेत उमेदवारांची कागदपत्रं तपासण्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, तरी पुण्याच्या पाषाण, खडकी, देहूरोड भागातल्या संरक्षण आस्थापनांत निवड झालेली मुलं साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा अटेस्टेशन फॉर्म, घेऊन घरी येतात. घोळ मात्र दरवेळी तेच.

सगळ्यात महागात पडणारा घोळ चेक बाउन्सचा. "काका, तो पैशाचा मामला आहे, पोलीस केस थोडीच?" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. चेक न वटल्याबद्दलची कलम 138 ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा) तक्रार हा फौजदारी खटला आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नमुन्यात सरळ विचारलेलं असतं, तुमच्यावर कोर्टात खटला प्रलंबित आहे का?

धायरीचा एक मुलगा होता. मित्राच्या कर्जापायी पतसंस्थेला स्वतःचा चाळीस हजारांचा चेक दिला, तो वटला नाही. शिवाजीनगर कोर्टात केस झाली, यानं वकीलही दिला. तीन महिन्यांनी नमुन्यात लिहिलं, "नाही". पोलीस पडताळणीत केस निघाली. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर दिलं की खटल्याची कल्पनाच नव्हती! फायलीत दोन कागद एकाखाली एक लागले होते. वकीलपत्रावरची निळ्या शाईतली सही आणि नमुन्यावरची सही. दोन्हीकडे शेवटी तीच लांब रेघ. नेमणूक रद्द झाली. नंतर वडिलांनी पैसे भरले, तडजोड झाली. 138 मध्ये तडजोड होते हे त्या घरात कुणी आधी विचारलंच नव्हतं.

कर्ज असणं हा गुन्हा नाही, हे मी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो. 2016 च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की किरकोळ स्वरूपाची प्रलंबित केस उमेदवारानं खरी खरी सांगितली असेल, तर तिच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. माहिती दडवली तर नेमणूक रद्द करण्याचा मार्ग मोकळा होतो. खरं सांगून नोकरीची हमी मिळत नाही, पण खोटं उघडं पडल्यावर बाजू मांडायला तोंड उरत नाही.

माझी सवय सांगतो. आधी नमुन्याची झेरॉक्स काढा आणि पेन्सिलीनं भरा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर स्वतःचं नाव टाकून बघा, कारण कधी कधी समन्स जुन्या भाड्याच्या खोलीवर जाऊन परतलेलं असतं आणि केस झाल्याचं कळलेलंच नसतं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. बँकेत जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणारी संस्था) भरतीत तो बघतात आणि थकबाकी दिसली तर रुजू होण्याआधी ती मिटवून बँकेचा ना-हरकत दाखला द्यावा लागतो.

एजंटाकडून नमुना भरून घेऊ नका. सही तुमची असते, त्याची नसते.

गेल्या पाच वर्षांत जिथं वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते लिहा, कॉट बेसिसवरची खोलीसुद्धा.

नमुना दिल्यानंतर केस झाली तरी लगेच लेखी कळवा. रुजू झाल्यावरही सुटका नाही. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 17 सांगतो की कर्जवसुलीचा दावा लागला तर कार्यालयाला ताबडतोब कळवायचं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी येऊन "काका, एवढं पटकन बघून द्या" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. केस असेल तर आधी शिवाजीनगरला जाऊन आदेशाची नक्कल आणा, नमुन्याला जोडा आणि पोच घेतलेली प्रत घरी जपून ठेवा.