भारताचं तिकीट कधी काढायचं? जर्सीत नव्यानं आलेल्यांसाठी

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनला नवीन बिऱ्हाड आलं की महिन्याभरात ओक ट्री रोडवरची देशी दुकानं पाठ होतात, आणि मग हमखास प्रश्न येतो, "ताई, भारताचं तिकीट कधी काढलं की स्वस्त पडतं?" एकोणीस वर्षं मी हे तिकीट काढते आहे. माझं उत्तर असं, की तिकीट कोणत्या दिवशी काढता यापेक्षा तुम्ही कोणत्या दिवशी निघता, यावर पैसे जास्त ठरतात.

मंगळवारी मध्यरात्री काढा, इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी विंडोत) बघा, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यामागे लागून झोप घालवू नका. एकाच इकॉनॉमीतल्या जागा कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटते. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गटाचं भाडं दिसू लागतं, आणि मागणी बघून कोणत्या गटात किती जागा ठेवायच्या हे सतत बदलत राहतं. सकाळचा दर संध्याकाळी वाढलेला दिसतो तो त्यामुळे. तुम्ही चार वेळा बघितलंत म्हणून तो वाढत नाही. मंगळवार-बुधवारी *प्रवास* केला तर मात्र शुक्रवार-शनिवारपेक्षा बऱ्याचदा कमी पडतं.

आता हंगाम. इथून भारतात जायला दोन काळ महाग: जूनमध्ये शाळा सुटल्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, आणि डिसेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत. डिसेंबरचं तिकीट फेब्रुवारीच्या दीडपट होताना मी अनेकदा पाहिलंय. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात, आणि लेबर डेनंतरचा (म्हणजे पहिल्या सोमवारनंतरचा) सप्टेंबर, हे स्वस्ताईचे दिवस. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत त्यांना मी दरवर्षी सांगते, गणपतीला जा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. इथल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, त्यामुळे विमानात गर्दी कमी. दोन-चार वर्षांनी मुलं शाळेत जायला लागली की ही सवलत संपते आणि घरचा गणपती व्हिडिओ कॉलवर बघावा लागतो. म्हणून आत्ताच जाऊन या.

आईबाबांना इकडे बोलावताना मात्र हे सगळं गणित उलटं होतं, आणि इथेच नवे लोक फसतात. मुंबईहून निघणाऱ्याचा हंगाम तिकडच्या सुट्ट्यांवर आणि तिकडून निघणाऱ्यांच्या गर्दीवर चालतो. एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात महाग, कारण तिकडे उन्हाळ्याची सुट्टी. जुलैअखेर आणि ऑगस्ट महाग, कारण इकडे शिकायला येणारी मुलं तेव्हाच निघतात आणि सुट्टीवर गेलेली कुटुंबंही परततात. थंडी संपत आली की मार्चमध्ये, नाहीतर सप्टेंबरमध्ये त्यांना बोलवा. पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहायला मिळतात. सप्टेंबरमध्ये आले तर पानांचे रंग, दिवाळी, नातवंडांची नाताळची सुट्टी असं सगळं बघून फेब्रुवारीत परत जाता येतं, आणि जाण्या-येण्याचे दोन्ही प्रवास कमी गर्दीत होतात.

किती आधी काढायचं? माझा ठोकताळा असा आहे: स्वस्त काळातलं तिकीट दोन ते चार महिने आधी, जून आणि डिसेंबरचं पाच-सहा महिने आधी. डिसेंबरसाठी शेवटच्या क्षणी दर उतरेल म्हणून थांबू नका. गूगल फ्लाइट्सवर तारखा टाकून सूचना चालू करा, दोन-तीन आठवडे दरांचा अंदाज घ्या आणि आपल्याला परवडेल असा आकडा कागदावर लिहून ठेवा. तो दिसला की तिकीट घ्या. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त अवधी असताना थेट विमान कंपनीकडून घेतलेलं तिकीट २४ तासांत दंड न भरता रद्द करता येतं (काही कंपन्या त्याऐवजी दर २४ तास राखून ठेवतात), असा अमेरिकेचा नियम आहे. तेवढा एक दिवस हवं तर शोधत राहा. त्यानंतर दर बघणं बंद करा, उगाच जिवाला घोर.

थेट कंपनीकडून, हे मी मुद्दाम म्हणते. सुरुवातीच्या वर्षांत थोडे पैसे वाचतात म्हणून मी एका एजंटकडून तिकीट घेतलं होतं. बाबा अचानक आजारी पडले आणि तारीख अलीकडे आणायची वेळ आली. कंपनी म्हणाली, एजंटशी बोला. शनिवार-रविवार एजंटचा फोन कुणी उचलला नाही. ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि भारतात पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यायचा असेल, तर तिकिटाआधी त्या स्टॅम्पिंगची तारीख हातात हवी. पासपोर्ट दूतावासात किती दिवस अडकेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून परतीची तारीख बदलता येईल असंच भाडं घ्या, थोडं महाग पडलं तरी. पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर युरोपातून विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. स्वस्त दिसलं म्हणून ते तिकीट घेण्याआधी त्या देशाचे नियम वाचा. दुबई किंवा दोह्याला एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता विमान बदललं तर हा प्रश्न येत नाही. आणि एकाच तिकिटाचा आग्रह धराच. मुंबईपर्यंत एक आणि पुढे नागपूर किंवा गोव्याचं वेगळं काढलं, अन् पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं बुडालं.

मांडीवरचं बाळ परतीच्या आधी दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याला स्वतंत्र जागा घ्यावी लागते. तारखा ठरवताना त्याचा वाढदिवस बघा. आईबाबांसाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. तिचे पैसे पडत नाहीत, आणि इमिग्रेशनच्या रांगेत सोबत कुणीतरी असतं.

एक शेवटचं तिकीट असं असतं, ज्याला हंगाम नसतो. त्यासाठी पहिल्या पगारापासून एका माणसाच्या जाण्यायेण्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाच्या मंजुरीचा कागद) घरातल्या दोघांनाही माहीत असलेल्या एकाच जागी ठेवा, आणि भारतातल्या एका शेजाऱ्याचा फोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.